बरं असतानाचा आकडा

वायरमन आबा पहिल्या भेटीत कुणालाही आपला डावा हात ऐकायला लावत. बघायला नव्हे, ऐकायला. डायलिसिससाठी त्या हातातली एक धमनी आणि एक शीर शस्त्रक्रियेने जोडलेली होती. अशा जोडाला फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त इतक्या जोरात वाहतं, की कान लावला तर आतून घूं घूं असा आवाज येतो. एखादा नवीन पेशंट भेदरून कॉटच्या कडेला बसलेला दिसला, की आबा बाही वर सारून त्याच्यासमोर उभे राहत. "लाव कान. लाव की, चावत न्हाई. डीपीवानी घुमतंय का न्हाई? लाईन चालू हाय म्हंजी मानूस चालू हाय." डीपी म्हणजे गावाबाहेरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्या म्हाताऱ्या हाताला कान लावलेला माणूस हळूहळू हसायला लागे. मग मला त्याच्या हातात सुई घालणं सोपं जाई.

मी नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. सुया लावायच्या, मशीन सुरू करायचं, चार तास पेशंटच्या बीपीवर लक्ष ठेवायचं आणि शेवटी वजन करून घरी पाठवायचं, हे माझं काम. किडन्या बंद असल्या की प्यायलेलं पाणी अंगातच साचतं, म्हणून या पेशंटांना चहा-रस्साही मोजूनच. आबा आमच्याकडे सहा वर्षं येत होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. खर्ड्याच्या पलीकडच्या वस्तीवरून पहाटेची एसटी धरायची, जामखेडला गाडी बदलायची आणि दहाच्या सुमाराला आमच्या दारात उभं राहायचं. दारातूनच सगळ्या वॉर्डाला एक खणखणीत "जय भीम". समोरच्या कॉटवरचे पाटील तेवढ्याच जोरात "राम राम" म्हणत. पाटलांचा आवाज कधी खाली आला, तर आबा मला हळूच सांगत, "त्यांचं बीपी बघ गं. आज राम बारीक निघाला."

त्यांनी तीस वर्षं वीज खात्यात वायरमनचं काम केलं होतं. त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेले ते पहिले. किती खांब चढलो याचा त्यांना पत्ता नव्हता, पण एका खांबाची गोष्ट त्यांनी मला तीनदा तरी सांगितली असेल. त्यांचा जोडीदार दगडू त्या खांबावर चढला होता. सबस्टेशनला फोन लावला, तिकडून उत्तर आलं, लाईन बंद आहे. दगडूने तारेला हात घातला. लाईन बंद नव्हती. "फोनवर बंद हुती, तारंत चालू हुती," आबा म्हणत. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय कुठल्याही तारेला हात लावला नाही. साहेब रागावले, गावकरी अंधारात ताटकळत बसले, तरी नाही.

ही सवय ते दवाखान्यातही घेऊन आले. वजनकाट्यावर उभं राहिलं की ते आकडा स्वतः वाकून बघत. बीपी घेतलं की "किती?" विचारत. "चांगलं आहे आबा," असं मी म्हटलं की भुवया वर जात. "चांगलं हाय हे मला बघू दे. तू किती ते सांग." सुरुवातीला मला याचा राग यायचा. एका शिफ्टला आठ मशीनं, प्रत्येकाचं काहीतरी, आणि हे म्हातारे हिशेब मागत बसलेत! पुढे सवय झाली. नंतर नंतर तर आकडा सांगितल्याशिवाय मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. नातवाच्या वाढदिवसाला तळलेलं काहीतरी खाल्लं होतं. घरच्यांनी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी केली. ट्रोपोनिन तिचं नाव. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की हा पदार्थ रक्तात उतरतो. हार्ट अटॅक आला की नाही, हे ठरवायला ती तपासणी करतात. कागदावर लिहिलं होतं, चौदाच्या आत असावं. आबांचं आलं ऐंशी. डॉक्टर म्हणाले अटॅक आहे, लगेच नगरला हलवा.

अँब्युलन्स निघाली. आजी म्हणजे आबांच्या पत्नी, त्या पायाशी बसून रडत होत्या. मुलगा चाकणच्या कंपनीतून मोटरसायकलवर निघाला. आमच्या दवाखान्यात आल्यावर ईसीजी काढला. तो त्यांच्या जुन्या ईसीजीसारखाच निघाला. तीन तासांनी रक्ताची तीच तपासणी पुन्हा केली. पुन्हा ऐंशीच्याच आसपास. तोवर छातीतली जळजळ थांबली होती आणि आबा उठून बसले होते.

आमच्या किडनीच्या डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्या त्यांच्या कॉटवर टेकल्या. त्या कधी घाईत बोलत नाहीत.

"आबा, तुम्हाला अटॅक आलेला नाही. डायलिसिसवरच्या बहुतेक माणसांचा हा आकडा एरवीही वाढलेलाच असतो. तुमच्या हृदयावर रोजच जास्तीचा ताण आहे. कधी पाणी वाढतं, कधी बीपी. त्यामुळे थोडी थोडी झीज चालूच असते."

"मंग कागदावर चौदा कशाला छापलंय?"

"ते ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत त्यांच्यासाठी."

"आन् मला खरंच अटॅक आला, तर तुमाला कळनार कसं?"

मॅडम हसल्या. "तुमचा बरं असतानाचा आकडा माहीत असला तर कळेल. तो एकदम वाढला, किंवा दोन-तीन तासांत चढत गेला, तर काळजी करायची. जागच्या जागी राहिला तर एवढं घाबरायचं नाही."

आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी छापलेला आकडा दुनियेचा. माजा आकडा माजा."

कागदावर त्या ऐंशीच्या पुढे इंग्रजीत 'हाय' असा लाल शेरा होता. आबांनी तो मला वाचायला लावला आणि खूश झाले. "हाय लिवलंय व्हय? हायच की मी. न्हाय लिवलं असतं तर घोर हुता!" तो विनोद त्यांनी पुढची तीन वर्षं वापरला.

दुसऱ्या दिवशी ते जीपने घरी गेले. पुढची हकिगत आजींनी सांगितलेली. अटॅकची बातमी गावभर झाली होती आणि घरापुढे तीस-चाळीस माणसं माना खाली घालून बसली होती. मुंबईच्या पाहुण्यांना फोन गेले होते, दोघेजण तर निघालेही होते. आबा जीपमधून उतरले तसे सगळे धडपडत उठायला लागले. आबा म्हणाले, "बसा, बसा. उठू नका. चहा टाका गं सगळ्यांना, मला सोडून."

त्या आठवड्यापासून त्यांनी आमच्या वॉर्डात एकच लकडा लावला. बरं असताना मोजून ठेवा. अंगात काही दुखत-खुपत नाही, दम लागत नाही, अशा दिवशी ही तपासणी एकदा करून घ्यायची, आकडा आणि तारीख डायलिसिसच्या कार्डावर लिहून ठेवायची, आणि पुन्हा करायची वेळ आली तर त्याच लॅबमध्ये करायची. "दुसऱ्या मीटरवर रीडिंग दुसरं येतं," हे त्यांनी मॅडमना विचारून खात्री करून घेतलं होतं. चार तास कॉटवर पडून दुसरं काय करायचं असतं? डावा हात मशीनला आणि उजवा हात हवेत उडवत ते शेजाऱ्यांना समजावत बसत. पाटलांनी पहिल्या महिन्यातच करून घेतलं. पाटलांचा आकडा आबांपेक्षा कमी निघाला, याचा त्यांना उगाचच अभिमान वाटायचा.

सगळ्यात जास्त वेळ लावला सुनंदाताईंनी. सुनंदाताई पाथर्डी तालुक्यातल्या. लग्न झाल्यापासून दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. साखरेचा आजार अंगात कधी शिरला ते कळलंच नाही, कळलं तेव्हा किडन्या गेल्या होत्या. आता नवरा एकटा तोडीला जाई आणि त्या नगरला भावाकडे राहत. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. बोलायच्या कमी. आबांच्या शेजारची कॉट त्यांची.

"चांगलं असताना कशाला रगात द्यायचं, आबा?" त्या म्हणायच्या. "आधीच कुठं लई हाय अंगात?"

"अगं, चांगलं असतानाच द्यायचं. वाईट झाल्यावर चांगलं किती हुतं ते कोन सांगनार?"

"माझं कोन बघनार हाय तो कागद?"

"मी बघीन," आबा म्हणाले. "शेजारीच पडलोय न्हवं."

असं चार-पाच महिने चाललं. शेवटी एका शनिवारी, बहुधा कटकट मिटावी म्हणून, सुनंदाताई हो म्हणाल्या. आकडा आला साठ. आबांनी मला तो त्यांच्या कार्डाच्या पहिल्या पानावर लिहायला लावला, वर आडवी रेघ मारून. सुनंदाताईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्यानंतर दिवाळी झाली. एका मंगळवारी सुनंदाताई आल्या त्याच थकलेल्या. चेहऱ्याला घाम होता. विचारलं तर म्हणाल्या, गावाकडून येताना एसटीत उभं राहावं लागलं. छातीत दुखतं का? नाही. फक्त जबडा जड वाटतोय, आणि सकाळी एक उलटी झाली. मी मशीनला जोडलं. तासाभरातच बीपी खाली यायला लागलं. मी मशीनची पाणी काढायची ओढ कमी केली, पाय वर घेतले, ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते नवीन होते, महिन्याभरापूर्वीच रुजू झालेले, कामाला चोख. त्यांनी ईसीजी काढला, त्यात ठळक असं काही दिसलं नाही. ट्रोपोनिन पाठवलं. रिपोर्ट फोनवर आला, दोनशे दहा.

डॉक्टर कपाळावर आठी घालून उभे राहिले. मग म्हणाले, "डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे वाढलेलंच असतं. पाणी जास्त काढलं गेल्यामुळे बीपी पडलंय. डायलिसिस आज इथेच थांबवू. विश्रांती घेऊन घरी जाऊ द्या."

आणि मी मान डोलावली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी मान डोलावली. त्याच उन्हाळ्यात मॅडमनी आबांना सांगितलेलं मी अर्धंच लक्षात ठेवलं होतं. वाढलेलं असतं, एवढंच.

"डॉक्टरसाहेब," शेजारच्या कॉटवरून आवाज आला. "किती आलं?"

"आबा, तुम्ही शांत पडा," मी म्हणाले.

"किती आलं विचारतोय मी."

डॉक्टरांनी सांगितलं. आबा एका कोपरावर उठले. त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला, कारण सुईचा हात हलला होता. मी धावत गेले, तर त्यांनी मला दुसऱ्या हाताने बाजूला केलं.

"तिचा आकडा साठ हाय. कार्ड बघा. पयलं पान."

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं. आबा बोलतच होते. "वाढल्यालं असतंय हे मलाबी ठावं हाय, साहेब. माजं ऐंशी असतंय. तिचं साठ हुतं, ह्याच लॅबचं हुतं, आज दोनशाच्या वर गेलं. हे वाढल्यालं असनं न्हवं, हे वाढनं हाय. परत मोजा. पाया पडतो तुमच्या, घरी धाडू नका तिला."

डॉक्टर त्या पानाकडे बघत होते. दुसरा एखादा असता तर अपमान वाटून घेतला असता. त्यांनी खुर्ची ओढली, सुनंदाताईंशेजारी बसले, जबड्याचं पुन्हा नीट विचारलं आणि मॅडमना फोन लावला. तीन तासांनी दुसरं रक्त पाठवलं. तीनशे चाळीस.

त्याच संध्याकाळी सुनंदाताईंना हृदयाच्या डॉक्टरांकडे हलवलं. मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली सापडली. तिथे स्टेंट बसवला. साखरेच्या पेशंटला पुष्कळदा छातीत दुखतच नाही, हे मॅडमनी नंतर आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नवीन डॉक्टर मात्र दुसऱ्या खेपेला आबांच्या कॉटपाशी आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. आबा इतके गोंधळले, की त्यांना बाही वर करून हात ऐकवायचंही सुचलं नाही.

दहा-बारा दिवसांनी सुनंदाताई परत आपल्या कॉटवर आल्या. आबांकडे बघून म्हणाल्या, "बघितला म्हनं तुमी माझा कागद."

"बघीन म्हनलो हुतो," आबा म्हणाले. दोघेही मग दुसरीकडे बघायला लागले.

त्यानंतर मॅडमनी नियमच केला. आता आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या कार्डावर पहिल्या पानावर एक चौकट असते. बरं असतानाचा आकडा आणि तारीख. ती चौकट आखली तेव्हा मॅडमनी आबांना दाखवली. ते म्हणाले, "रेघ जरा जाड मारा. म्हातारी मान्सं असत्यात."

पण शेवटच्या वर्षात त्यांचा स्वतःचाच आकडा सरकायला लागला. ऐंशीचा एकशे दहा झाला, सहा महिन्यांनी एकशे चाळीस. एकदम उडी नव्हती, हळूहळू चढ होता. जिने चढताना दम लागे. अँजिओग्राफी केली, तर बारीक बारीक वाहिन्या खराब झालेल्या, स्टेंट टाकावा अशी जागा नाही. सोनोग्राफीत हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आणि ताकद कमी झालेली. गोळ्या बदलल्या. डायलिसिस चारऐवजी पाच तास केलं, म्हणजे पाणी सावकाश निघेल. आबा कुरकुर न करता पाच तास पडून राहत. परतीची एसटी मात्र त्यामुळे चुके आणि त्यांना जामखेडला दुसऱ्या गाडीची वाट बघत बसावं लागे.

एकशे चाळीसचा कागद आला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती?"

मी म्हणाले, "आहे आबा, थोडं इकडे-तिकडे."

सहा वर्षांत ते माझ्यावर एकदाच रागावले, ते त्या दिवशी. आवाज चढवला नाही. पण मी तिथून हलू शकले नाही.

"पोरी, दगडूला फोनवर सांगनारा मानूस वाईट न्हवता. त्याला वाटलं बंद असंल, म्हनून त्यानं बंद हाय सांगितलं. तू तशी हू नको."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, घडी घातली, खिशात ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, "अजून लई दिस हायेत का थोडे?"

"मला नाही सांगता येणार. खरंच नाही."

"हां. हे बरुबर बोललीस," ते म्हणाले. मग डोळे मिटून घेतले. मी त्यांची चादर सारखी केली. मला रडू येत होतं, आणि सात मशीनं अजून बघायची होती.

त्यांना भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या कॉटवरून जाताना त्यांनी माझी बोटं धरली आणि नुसतीच धरून ठेवली. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी, चादरीखाली. मी डबा तसाच ठेवून उभी राहिले. पाच-सात मिनिटांनी त्यांनी हात सोडला आणि म्हणाले, "जा, जेव जा. भाजी कंची हाय?"

त्या शेवटच्या शनिवारी त्यांची सहा महिन्यांची तपासणी होती. मीच रक्त काढलं. जाताना त्यांनी सगळ्यांना नेहमीसारखा जय भीम घातला. पाटलांनी राम राम म्हटलं. यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण मला ते सगळं लक्षात आहे.

शनिवार ते मंगळवार हे अंतर सर्वांत मोठं. या पेशंटांच्या अंगात पाणी आणि क्षार सर्वांत जास्त साचतात ते त्याच दिवसांत, आणि आमच्या वॉर्डातली बरीच माणसं गेली ती अशाच मोठ्या खंडात. आबा सोमवारी दुपारी गेले. जेवून लिंबाखाली बाजेवर पडले होते. चारच्या सुमाराला आजी उठवायला गेल्या, तर उठले नाहीत. मंगळवारी सकाळी मुलाचा फोन आला. मी त्यांच्या मशीनची तयारी करून ठेवली होती, ती उतरवली. सुनंदाताईंनी कॉटकडे पाठ करून घेतली आणि चार तास भिंतीकडे बघत पडून राहिल्या.

दहा वाजता लॅबचा माणूस शनिवारचे रिपोर्ट घेऊन आला. आबांचं पाकीट फोडायला माझे हात धजेनात. फोडलं. एकशे अडतीस. म्हणजे गेल्या खेपेसारखाच. चढला नव्हता. मी कागद मॅडमकडे नेला आणि विचारलं, "मग असं कसं झालं?"

मॅडमनी कागद वाचून टेबलावर ठेवला. "हा आकडा स्नायूची झीज सांगतो," त्या म्हणाल्या. "हृदयाचे ठोके कधी बिघडतील आणि कधी थांबतील, ते सांगत नाही. आपल्याकडे ते सांगणारी कुठलीच तपासणी नाही गं."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या रविवारी मी गेले. पाचसहा बायका येऊन गेल्या होत्या, आता घरात आजी आणि सूनच. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सून मला आत नेऊन हळूच म्हणाली, "ताई, तुमी तरी सांगा. आठ-दहा दिस झाले, कोरडी भाकरी आन् चटनीच खात्यात. काई पातळ केलं की ताट सारत्यात."

मी आजींजवळ जाऊन बसले. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"पोरी, तू खरं सांग. त्येंनी सोमवारी शेंगोळ्या मागितल्या. हुलग्याच्या. लई दिसांनी मागितल्या. मी केल्या. रस्सा एकच वाटी द्यायचा, तुमीच लिवून दिलेलं. त्येंनी दुसरी मागितली आन् मी वाढली. दुसरी वाटी मी वाढली." त्यांनी मनगट सोडलं नाही. "त्यानीच गेले का?"

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण या घरातल्या माणसाने मला एकदा त्याबद्दल चांगलं सुनावलं होतं.

"आजी," मी म्हणाले, "खोटं सांगत नाही. मीही मॅडमना विचारलं. आबांचं हृदय वर्षभर थकत चाललं होतं. अशी हृदयं कधी कधी थांबतात. सगळे कागद ठीक असताना थांबतात, काही न खाता-पिता थांबतात. शनिवारच्या रक्तातही आम्हाला काही दिसलं नाही. मोठी मोठी यंत्रं लावून आम्हाला जे कळलं नाही, ते तुमच्या एका वाटीवर ढकलता येणार नाही. मॅडमनाही नाही, मलाही नाही. आणि तुम्हालाही नाही."

"पर वाटी जास्तीची हुती."

"होती. आणि त्यांनी ती मागून घेतली होती. आवडली का?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. "वाटी पुसून खाल्ली," त्या म्हणाल्या. "म्हनले, लगीन झाल्यावर पयल्यांदा केल्त्या तशा झाल्यात."

एवढं बोलून त्या रडल्या. सून दाराशी उभी राहून पदराने तोंड पुसत होती. मी तशीच बसून राहिले. बाहेर दुपार कलायला लागली. मला सहाची एसटी गाठायची होती, म्हणून मी उठायला लागले, तर आजींनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"अशी उपाशी कुठं निघालीस?" मग सुनेला म्हणाल्या, "हुलग्याचं पीठ काढ गं. आन् लसूण सोल."

पीठ त्यांनी स्वतः मळलं. मीही वळू लागले, पण माझ्या शेंगोळ्या जाड होत होत्या. त्यांनी माझ्या हातातून गोळा काढून घेतला आणि पोळपाटावर बोटांनी कशी लांबवायची ते दाखवलं. चुलीवर रस्सा उकळायला लागला तसा लसणाचा वास सगळ्या घरात भरला. पहिली वाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली, काठोकाठ. "गरम हाय, जपून," म्हणाल्या. दुसरी सुनेला दिली. तिसरी स्वतःला वाढून घेतली, तिच्यात भाकरी कुस्करली, आणि जेवायला बसल्या.